कारण सांगा

न्यूयॉर्कमधली एक बंद खोली, घामाच्या धारा आणि ज्यूरीतले बारा पुरुष. बापाचा खून केल्याचा आरोप असलेला गरीब वस्तीतला मुलगा दोषी की निर्दोष, एवढंच त्यांना ठरवायचंय. पहिल्याच फेरीत अकरा हात दोषीच्या बाजूने वर जातात. उरलेला एकजण म्हणतो, पोराचा जीव घेण्याआधी निदान थोडं बोलू या.

रेजिनाल्ड रोझ यांनी १९५४ साली टेलिव्हिजनसाठी लिहिलेलं हे नाट्य १९५७ साली सिडनी लुमेट यांनी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या नावाने पडद्यावर आणलं. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' हा त्याचाच हिंदी अवतार.

यातला दहावा ज्यूरर 'असली माणसं' म्हणत मुलाच्या अख्ख्या वस्तीला शिव्या घालू लागतो. एकेक जण टेबलावरून उठतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवतो. शेवटी त्याला गप्प बसवतो तो शेअर दलाल, जो स्वतः अजून मुलाला दोषीच मानतोय. त्याला निकाल तोच हवाय, पण असली साथ नकोय. पुढे त्याच्याच नाकावरचे चष्म्याचे वण कुणीतरी दाखवतं. तसेच वण साक्षीदार बाईच्या नाकावर होते. म्हणजे रात्री अंथरुणातून, चष्म्याशिवाय, तिला खून दिसला कसा? दलाल मत बदलतो.

हे घडतं, कारण तिथे निकाल एकमताने लागतो. एकटा अडून बसला की बाकीच्यांना कारणं द्यावीच लागतात, आणि नुसता आकस असेल तर तो चव्हाट्यावर येतो.

एकमताची अट नसेल तर काय होतं? १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. ज्यांवरून खटला भरला ते लेख 'केसरी'तले, मराठी. कामकाज इंग्रजी भाषांतरांवर. सात जण दोषी म्हणाले, दोघे निर्दोष. बहुमत पुरेसं होतं. त्या दोघांची खात्री पटवण्याची गरजच सातांना पडली नाही. शिक्षा झाली सहा वर्षं हद्दपारीची.

आज आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ज्यूरी नाही, पण न्यायाधीशाला निकालामागची कारणं लेखी द्यावी लागतात. भाडेकरूचं आडनाव ऐकताच 'जागा कालच गेली' म्हणणाऱ्या घरमालकाला मात्र कारण कुणीच विचारत नाही. ते विचारायला कोर्ट कशाला हवं? शेजारी पुरे.