यंत्राची स्मरणवही

मुनीम बदलला तरी पेढी अडत नाहीं. दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडला तसा रोजकीर्दींत उतरतो, तेथून ज्याच्या त्याच्या नांवें खतावणींत जातो, आणि नवा मुनीम त्या वह्या उघडून कामास लागतो. कृत्रिम बुद्धीच्या ज्या यंत्रांस हल्लीं ‘एजंट’ म्हणतात, त्यांच्या स्मरणाचा प्रकार या वह्यांवरून चांगला उमगतो.

अशा यंत्राशीं चाललेलें एक संभाषण संपून दुसरें सुरू झालें, कीं पहिल्यांतलें त्याच्यापाशीं आपोआप कांहींच उरत नाहीं. त्यास रोजचा नवा मुनीमच म्हणावें. त्यापुढें मांडावयाच्या मजकुरासही मर्यादा असते. म्हणून मागील संभाषणें सांठवितात, त्यांतून चालू प्रश्नाशीं जुळणारा भाग निवडितात किंवा सारांश काढितात, आणि तो नव्या प्रश्नाबरोबर यंत्रापुढें ठेवितात. चॅटजीपीटींत २०२४ सालीं स्मरणाची सोय आली; एप्रिल २०२५ मध्यें तिची व्याप्ति मागील सर्व संभाषणांपर्यंत वाढविण्यास आरंभ झाला.

लाभ उघड आहे. उल्हासनगरच्या एखाद्या कापडव्यापाऱ्यानें कोणत्या गिऱ्हाइकास किती दिवसांची उधारी द्यावयाची, हें एकदां सांगितलें, कीं पुन्हां सांगावें लागत नाहीं. परंतु पुढें भाव बदलला आणि स्मरणांत जुनाच राहिला, तर तोच एजंट जुन्या दरानें मागणी नोंदवून मोकळा होईल. विसरणारा नोकर निदान विचारतो तरी. चुकीचें स्मरणारा विचारीत नाहीं.

सारांशाचा धोका याहून खोल आहे. शेजारच्या अंबरनाथचें शिवमंदिर पाहावें. तेथील शिलाहार राजा माम्वाणि याच्या शिलालेखांतील शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लाविला. एका आंकड्यानें दोनशें वर्षांचा फरक पडला. मूळ दगड जागेवर होता, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. यंत्राच्या बाबतींत पहिल्या संभाषणांतील चूक सारांशांत शिरते, सारांश पुढील उत्तरास आधार होतो, आणि तें उत्तरही पुन्हां स्मरणांत जातें. यासाठीं सारांशाबरोबर मूळ संभाषण, त्याची तारीख आणि बोलणारा कोण, हीं जपलींच पाहिजेत.

बोलणारा कोण, हा प्रश्न तर घरांतला आहे. बदलापुरांतील एखाद्या कुटुंबांत सारीं माणसें एकच खातें वापरतात, अशी कल्पना करावी. सुनेनें दुपारीं आपल्या दुखण्याविषयीं जें विचारलें, तें सायंकाळीं सासऱ्यांस मिळालेल्या उत्तरांत डोकावलें, तर यंत्र खोटें बोललें नाहीं, तरी विश्वासघात झालाच. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क आहे. परंतु काय सांठलें आहे हें पाहिल्यावांचून हक्क तरी कशावर बजावावयाचा?

शहाणा धनी मुनिमाच्या पाठांतरावर न विसंबतां अधूनमधून वही मागवितो. यंत्र वापरणाऱ्या कुटुंबानेंही महिन्याकांठीं त्याची स्मरणवही उघडावी, शिळें तें काढावें, चुकलेलें सुधारावें, आणि जें दुसऱ्याच्या कानीं जावयाचें नव्हतें, तें पुसून टाकावें.