आवडीची लाज सोडा



सकाळच्या सत्रात वाचक आपापल्या आवडत्या कादंबरीवर बोलले. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘कोसला’, ‘बनगरवाडी’. फिरून फिरून तीच नावं. दुपारी मी वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी बसले आणि तिथलं रजिस्टर चाळलं. त्यात नारायण धारप आहेत, सुहास शिरवळकर आहेत, बाबा कदम आहेत. सकाळी बोललेल्यांपैकी काहींच्याच नावापुढे ती पुस्तकं लिहिलेली आहेत. मग माइकसमोर यातलं एकही नाव का निघालं नाही? मला याचा राग आला आहे आणि आभारप्रदर्शनाआधी मी तो बोलून दाखवणार आहे.

ही लाज तुम्हाला कोणी शिकवली ते मला ठाऊक आहे. ‘साहित्य’ एका कपाटात आणि ‘रंजन’ दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी आपल्या समीक्षेने केली, अभ्यासक्रमांनी ती पक्की केली आणि पुरस्कार समित्यांनी तिच्यावर शिक्का मारला. वाचकाला कोणी विचारलं नाही. पण ज्या परंपरेचं नाव सांगून ही वाटणी होते, ती परंपरा तरी या लोकांनी पाहिली आहे का? हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वर बेतलेली. रेनॉल्ड्स हा इंग्लंडातल्या स्वस्त, खपाऊ, रहस्यमय कथांचा लेखक. ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली गेली ती १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकात. पुढचा अंक कधी येतो म्हणून वाट पाहणाऱ्या सामान्य वाचकांसमोर नायिका यमूची कहाणी उलगडली. मराठीतली ही थोर कादंबरी अशी वाढली. त्या वाचकांची उत्सुकता हलकी होती, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं ज्यांना अजून तोंडपाठ आहेत असे वाचक आज या सभागृहात बसले आहेत. त्या पुस्तकांनी त्यांना पान उलटायची सवय लावली आणि त्याच सवयीवर ते पुढे जी. ए. कुलकर्ण्यांपर्यंत आले. काही आले नाहीत. त्यांच्याबद्दलही माझी तक्रार नाही.

अण्णा भाऊ साठ्यांचं उदाहरण तर याहून कडू आहे. ‘फकिरा’ १९५९ सालची. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या ‘वैजयंता’वर चित्रपट निघाला, त्यांची पुस्तकं गावोगाव हातोहात फिरली. आणि प्रतिष्ठित समीक्षा? तिने कितीतरी वर्षं त्यांना भडक आणि प्रचारकी म्हणून दाराबाहेर ठेवलं. या माणसाची योग्यता वाचकांना आधी कळली, प्राध्यापकांना फार उशिरा. हा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

बायकांच्या वाचनाची तर याहून मोठी हेटाळणी झाली. योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर यांच्या कादंबऱ्या आमच्या आयांनी, मावश्यांनी दुपारची भांडी आवरून वाचल्या. त्यांना ‘बायकी’ म्हणून बाजूला सारलं गेलं. नवरा, सासर, नोकरी, मूल न होणं, दुसरेपण हे विषय हलके, आणि पुरुषाचं एकटेपण तेवढं गंभीर, हे कोणी ठरवलं? १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा विभावरी शिरूरकर या नावामागे कोण आहे ते शोधून काढायला लोक उठले होते. बाई लिहिते याचाच धक्का मोठा. हेटाळणी बायकांपुरतीच नव्हती. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांना अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि १९६९ साली ते तिथे सुटले. न्यायालयाने ती कथा वाचून पाहिली. आपल्या किती समीक्षकांनी काकोडकर वाचून मग नाकं मुरडली?

आता तुमच्याकडे वळते. तुम्हीही सुटत नाही.

‘छान आहे’, ‘खूप भावलं’, ‘एका बैठकीत संपवली’ याला मी मत मानत नाही. मताला कारण लागतं. ‘मृत्युंजय’ मला आवडते, कारण वृषालीला आणि शोणला तिथे बोलायला मिळतं. महाभारतात त्यांच्याकडे कोण बघतो? पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण या सहा जणांची वाणी जवळपास एकसारखीच अलंकारिक आहे, आणि तो त्या कादंबरीचा मोठा दोष आहे. हे मी बोलले की सभेत कुजबुज होते. होऊ द्या. धारपांच्या कथांत साध्या, ओळखीच्या घरात भीती शिरते तसं मराठीत फार थोड्यांना साधलं. पण ‘समर्थ’ कथांत संकटातून सोडवणारे समर्थ येणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, आणि तिथे ती भीती मरते. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे, हेही वाचकाने जाणून असावं. आवड असली म्हणून डोळे मिटायचे नसतात.

आणि एक काम आपण कधीच केलेलं नाही. ‘कोसला’ १९६३ची, ‘दुनियादारी’ १९८२ची. दोन्हींत पुण्यातल्या कॉलेजात नव्याने आलेला मुलगा. पांडुरंग सांगवीकर आणि श्रेयस तळवलकर. एकाचं पुस्तक अभ्यासक्रमात गेलं, दुसऱ्याचं कट्ट्यावर राहिलं. दोन्ही वाचलेली माणसं घरोघर आहेत, पण दोन्ही शेजारी ठेवून कोणी बोललं नाही. मी बोलते. ‘कोसला’त पांडुरंगची बहीण मनी हिच्या मृत्यूची पानं लिहिताना नेमाडे वाचकाला आधाराला कुठेच हात देत नाहीत. दुःख आहे तसं समोर ठेवून पुढे निघून जातात. म्हणून ती पानं मनातून हलत नाहीत. शिरवळकर हात देतात. दोस्ती आहे, कट्टा आहे, टाळीचं वाक्य आहे. त्यामुळे ‘दुनियादारी’ ढिली पडते, असं माझं मत. पण परगावच्या पोराला टोळीत जागा मिळते तेव्हाची त्याची ऊब शिरवळकरांनी जशी पकडली, तशी ‘कोसला’त नाही. तिथे नेमाडे कमी पडतात. हे ज्यांना पटत नाही त्यांनी दोन्ही पुस्तकं उघडून माझ्याशी भांडावं. २०१३च्या चित्रपटानंतर ‘दुनियादारी’ मागायला आलेली मुलं ‘कोसला’ही घेऊन जातील, पण टेबलावर बसलेल्या माणसाने ती त्यांच्या हातात द्यायला हवी.

कलावंत स्वतः या भिंती मानत नाहीत. २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आणि भय घेतलं धारपांच्या कथेतून.

आता कार्यकारिणीशी बोलते. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची यादी मी पाहिली. त्यात अर्णाळकर आहेत, गुरुनाथ नाईक आहेत, शैलजा राजे आहेत. वाचून वाचून फाटलेली पुस्तकं रद्दीत घालायची, आणि एकदाही बाहेर न गेलेली कोरी पुरस्कारप्राप्त पुस्तकं काचेमागे ठेवायची? ही यादी आजच रद्द करा. फाटलेल्यांची बांधणी करा, त्याला लागणारी पहिली वर्गणी माझी. ग्रंथखरेदी समितीवर दोन सामान्य सभासद घ्या, त्यातली एक बाई असू द्या. आणि देवघेवीच्या टेबलावर एक अभिप्राय वही ठेवा. पुस्तकाचं नाव, आवडलं की नाही आणि का. ‘का’ रिकामं सोडलेली नोंद धरू नका.

हे तिन्ही मुद्दे मी ठराव म्हणून मांडते. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता उभं राहून कारणासह बोलावं. मी माइक सोडत नाही.