काय भेटलं, ते विचारलं नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी शिरड शहापूरचा, निवृत्त शिक्षक. आमच्या गावात भगवान मल्लिनाथांचं जैन मंदिर आहे. दुरून यात्रेकरू येतात. तालुक्याच्या गावी, औंढ्याला, नागनाथाचं ज्योतिर्लिंग. जिल्ह्यातच संत नामदेवांची नरसी. आमच्याकडच्या माणसाला धर्म शोधायला लांब जावं लागत नाही, तो येता-जाता भेटतो. तरीही एका धर्माविषयी मी बरीच वर्षं अडाणी राहिलो आणि त्यापायी एक मित्र दुखावला. आज त्याविषयी बोलणार आहे.

हा मित्र माझ्याबरोबर शिक्षकाचं प्रशिक्षण घेत होता. पुढं कानावर आलं, की त्यानं बाप्तिस्मा घेतला. काही दिवसांनी वसमतच्या स्टँडवर तो दिसला. हसत माझ्याकडे आला. मी चारचौघांत विचारलं, "काय रे, किती भेटले?" लोक हसले. तो काही बोलला नाही. एस.टी.त चढून निघून गेला.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं आमची भेट नाही. माझे वडील वारले, तेव्हा तो आला. न बोलावता आला, ओसरीवर बसून राहिला. माणसं पांगल्यावर म्हणाला, "गुरुजी, तू तेव्हा किती भेटले ते विचारलंस. काय भेटलं, ते नाही विचारलंस." मग मी विचारलं. त्या रात्री आणि पुढच्या भेटींत त्यानं जे सांगितलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते थोडक्यात तुमच्यापुढं ठेवतो.

ख्रिस्ती लोकांत अनेक पंथ आहेत. कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, सिरियन आहेत. माझा मित्र ज्या मंडळीत गेला, त्यांना इव्हँजेलिकल म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगली बातमी, आपल्या मराठी बायबलमधलं शुभवर्तमान किंवा सुवार्ता. १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं जर्मनीत जो वाद उभा केला, त्यात या विचाराची मुळं आहेत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली वगैरेंच्या प्रचारातून त्याला आजचं रूप आलं. हा एकच एक पंथ नव्हे; अनेक मंडळ्यांत पसरलेली ही एक धारणा आहे. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकारानं १९८९ साली तिच्या चार खुणा सांगितल्या: पवित्र शास्त्र, वधस्तंभ, मनाचा पालट आणि कार्य.

पहिली खूण शास्त्राची. देवाविषयी काय मानायचं, याचा अखेरचा निवाडा बायबल करील. परंपरा नाही, धर्मगुरू नाही. म्हणून हे लोक जिथं गेले तिथं आधी भाषा शिकले. विल्यम केरीनं बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून मराठीचं व्याकरण छापलं ते १८०५ साली, आणि मराठी नवा करार १८११ साली. शास्त्र प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे, हा त्यामागचा हट्ट.

या शास्त्रातून ते काय वाचतात? देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्याचं त्रैक्य. माणूस देवानं चांगला घडवला, पण तो देवापासून तुटला. त्या तुटण्याला ते पाप म्हणतात. येशू हा पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात त्याला वधस्तंभावर मारलं, तिसऱ्या दिवशी तो उठला आणि तो पुन्हा येणार आहे. इथवर बहुतेक सगळे ख्रिस्ती सहमत आहेत. सुवार्तावाद्यांचा भर पुढच्या गोष्टीवर आहे. वधस्तंभावर माझं देणं त्यानं फेडलं; मी ते पुण्य करून फेडू शकत नाही. मी फक्त पश्चात्तापानं आणि विश्वासानं ते स्वीकारायचं. याला ते कृपेनं झालेलं तारण म्हणतात.

हे ऐकताना मला गावचं मल्लिनाथांचं मंदिर आठवलं. जैन दर्शन सांगतं, तुझं कर्म तुलाच झाडावं लागेल. तीर्थंकर वाट दाखवतील, ओझं उचलणार नाहीत. तप आणि संयम हा तुझा तू करायचा. माझा मित्र सांगत होता, तुझं ओझं तुला उचलणारच नाही, ते दुसऱ्यानं उचललंय. या दोन गोष्टी एकमेकींपुढं ठेवल्या, तेव्हा दोन्ही मला जास्त स्पष्ट कळल्या. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं आपण सौजन्यानं म्हणतो. पुष्कळदा ते समोरच्याचं न ऐकण्याचं निमित्त असतं.

तिसरी खूण मनाच्या पालटाची. ते त्याला नवा जन्म म्हणतात. ख्रिस्ती घरात जन्मल्यानं किंवा डोक्यावर पाणी घेतल्यानं कोणी आपोआप ख्रिस्ती होत नाही, असं त्यांचं म्हणणं. याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. परंतु पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ते कळायला सुमारे आठ वर्षं लागली. एवढी विदुषी, संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेली बाई आपल्याच धर्मांतराला अपुरं म्हणते, ही साधी गोष्ट नव्हे.

चौथी खूण कार्याची, तीही त्यांच्यातच दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बाया पुणे जिल्ह्यात केडगावला आणल्या. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. आमच्या मराठवाड्यातही जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची वस्ती वसवली.

या लोकांना आपली माती परकी झाली, असंही नाही. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या प्रवासात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. पण त्या पुलाची किंमत घरानंही दिली. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या ओढाताणीची हकिगत ‘स्मृतिचित्रे’त आहे. धर्म बदलणाऱ्याचीच नव्हे, मागं राहिलेल्याचीही जखम त्यात दिसते.

आता माझ्या शंका. मी मित्राला विचारलं, "फुकट माफी मिळत असेल, तर माणूस मोकाट सुटेल की." तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं मला कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली. धाकट्या भावाच्या वाटणीची दोन एकर जमीन त्यानं सही-अंगठ्याच्या घोळात आपल्या नावावर करून घेतली होती. भाऊ पोट भरायला बाहेरगावी गेला आणि तिकडेच वारला. "माफी कुणाला मागू? देवळं झाली, उपास झाले, झोप लागंना," तो म्हणाला. बाप्तिस्म्यानंतर सहा महिन्यांनी त्यानं ती जमीन भावजयीच्या नावे करून दिली. मी म्हटलं, "म्हणजे शेवटी फेड केलीसच ना?" तो म्हणाला, "फिटावं म्हणून दिली नाही. फिटलं म्हणून देता आली."

सुवार्तावादी मंडळींचा विश्वास आणि कृती यांतला सगळा संबंध या दोन वाक्यांत आहे. चांगलं काम हे तारणाचं मोल नव्हे, तारणाचं फळ.

दुसरी शंका मात्र अजून मिटलेली नाही. येशूवाचून दुसरा मार्ग नाही, असं ते मानतात. नरसीच्या पंचक्रोशीत वाढलेल्या मला ते पटत नाही आणि मी त्याला ते सांगितलं. प्रचाराच्या उत्साहात मनं दुखावल्याचीही उदाहरणं आहेत. खुद्द रमाबाईंच्या शारदा सदनावर मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढल्याचा आक्षेप आला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपल्या राज्यघटनेचं २५वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमिष दाखवणारा चूक आहेच. पण प्रत्येक धर्मांतरामागं आमिषच असणार, असं धरून चालणाराही चूक आहे. तो दुसरा माणूस मी होतो.

मित्र अजून रविवारी प्रार्थनेला जातो, मी अजून आषाढीला टाळ घेतो. सणासुदीला एकमेकांकडे जेवतो. वाद होतो, चहा होतो, पुन्हा वाद होतो. त्यानं मला कधी बाप्तिस्मा घे म्हटलं नाही. माझ्यासाठी प्रार्थना करतो, एवढं सांगितलं. मी नको म्हटलं नाही.

श्रोतेहो, तुमच्याही ओळखीत कोणी असा वेगळ्या वाटेनं गेला असेल. त्याचं पटावंच असं नाही. पण आधी विचारून तरी बघा. वसमतच्या स्टँडवर चारचौघांत विचारलेला माझा प्रश्न मी कधी चारचौघांत परत घेतला नव्हता. तो आज इथं, तुम्हा सगळ्यांसमोर, परत घेतो.