सुका कपडा

श्रोतेहो, कविता लिहिणारा एक बी.ए. झालेला माणूस गाडी कशी धुवावी यावर बोलणार म्हटल्यावर तुमचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. जरा थांबा. या विषयातलं माझं ज्ञान चूक करून कमावलेलं आहे, आणि ती चूक मी रोज, नेमानं, दहा महिने केली.

मुलानं कर्ज काढून गाडी घेतली. काळी कुळकुळीत. पहिला हप्ता गेला त्या दिवशी पेढे वाटले होते. पुढं नोकरीच्या कामासाठी त्याला दहा महिने परदेशी जावं लागलं. जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "अब्बा, आठवड्यातून एकदा जरा फिरवून आणा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही." बस्स, एवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी माझ्या मनानं केलं.

सोलापूरच्या आमच्या गल्लीत धुळीला तोटा नाही, पाणी मात्र जपून वापरायचं. रोज फजरची नमाज झाली की मी जुना पंचा घ्यायचो आणि गाडी पुसायचो. कोरडीच. टपापासून डिकीपर्यंत, गोल गोल हात फिरवून. पोरगं लांब होतं, त्याची गाडी तरी हाताखाली होती. शेजारी म्हणायचे, गाडी ठेवावी तर यांनी.

ईदच्या दोन दिवस आधी तो आला. रात्र झाली होती. सकाळी उन्हाची तिरीप बॉनेटवर पडली आणि आम्हा दोघांना एकदमच दिसलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणावं तशा शेकडो बारीक रेघा. त्यानं आमच्या दखनीत विचारलं, "अब्बा, सुका कपडा मारे क्या?"

"रोज," मी म्हणालो.

"असू द्या," म्हणाला आणि आत गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मी गाडी रंगकाम करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी रेघेवर नख फिरवून पाहिलं. नख अडकलं नाही. म्हणाले, वरच्या थरातच आहे. हल्लीच्या गाड्यांना रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. मी म्हटलं, पॉलिश करून टाका. ते हसले. पॉलिश करणं म्हणजे रेघ भरणं नव्हे. रेघेच्या आजूबाजूचा थर घासून तिच्या पातळीला आणायचा. म्हणजे आधीच पातळ असलेला थर आणखी पातळ. असं वारंवार करता येत नाही.

पण माझा पंचा तर मऊसूत होता! मग रेघा कशानं पडल्या? रस्त्याच्या धुळीत वाळूचे, गारेचे कण असतात. गार लोखंडी खिळ्यापेक्षा कठीण. कपडा ओरखडत नाही, कपड्याखाली सापडलेला कण ओरखडतो. मी दहा महिने माझ्या मुलाच्या गाडीवर, अगदी मायेनं, पॉलिश पेपर फिरवत होतो. आणि त्या रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडव्या येतील तेवढ्याच चमकतात, म्हणून सूर्याभोवती वर्तुळं दिसतात. ही गोष्ट मला फार आवडली, पण मुलाला सांगायची ती वेळ नव्हती.

आता कसं धुवायचं ते सांगतो. गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकतं आणि डाग धरतं. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे ठिपके उरतात, म्हणून शेवटचं पाणी शक्यतो नळाचं घ्यावं. पहिलं काम हात न लावता करायचं, धूळ भिजवून वाहून जाऊ द्यायची. नळी सोडली तर दहा मिनिटांत शंभर लिटर सहज जातात. मी कुंड्यांना फवारायचा 5 लिटरचा हातपंप आणला. कोरा, औषध न घातलेला. त्यानं भरपूर भिजवायचं आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. पाखरांची घाण असेल तर तिच्यावर ओला कपडा ठेवून द्यायचा. नखानं खरवडायची नाही.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको, तिनं वरचं मेण निघून जातं. एक भाग पुसला की कपडा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. साध्या पाण्याच्या बादलीत तळाला मी भाजी धुवायची जाळीची टोपली उपडी ठेवतो. माती खाली बसते, कपड्याला परत लागत नाही. टोपली परत मागू नये असं घरात ठरलं आहे. ठरताना थोडी चर्चा झाली. कपडा जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी बाद.

आमचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. टॉवेल घेताना ते आधी कड दाबून बघायचे. मऊ टॉवेलचीही शिवण टणक असते. आता मी मायक्रोफायबर वापरतो, तरी कड आधी बघतो. हात सरळ रेषेत फिरवायचा, दाब न देता, वरून खाली. खालचा पत्रा आणि चाकं सर्वांत शेवटी, वेगळ्या कपड्यानं. तिथं ब्रेकची लोखंडी भुकटी असते. वजू करतानाही पाय शेवटी धुतात, त्यामुळं हा क्रम मला पाठ करावा लागला नाही. वाळवताना घासायचं नाही, मोठा कपडा पसरून टिपून घ्यायचं.

एवढ्याला मला तीस-पस्तीस लिटर पाणी लागतं. पाणी नसेल तर? तर गाडी धुळकट राहू द्या. धूळ नुसती बसल्यानं रेघ उठत नाही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर!

जायच्या आदल्या दिवशी मुलानं पुन्हा गाडीभोवती एक फेरी मारली. रेघा आहेतच, पॉलिश आम्ही केलं नाही. मी म्हटलं, दाखव बघू, तू कसा धुतोस. तर पठ्ठ्यानं ओला कपडा चाकावर फिरवला आणि तोच दारावर न्यायला लागला. मी त्याचा हात धरला. तो हसला, मीही हसलो.

या वेळीही किल्ली त्यानं माझ्याकडेच ठेवली आहे. उद्या नळाला पाणी येईल. दोन बादल्या घासून ठेवल्या आहेत. टोपली मात्र सापडत नाही.