व्यसनमुक्ती हे एकट्याचे काम नव्हे

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. सभागृहात ते स्वतःच्या नावाने बोलले. परंतु त्यांच्या गटाच्या परंपरेनुसार छापील मजकुरात नाव दिलेले नाही. – संपादक)



आपल्यापैकी बहुतेक जण मला ओळखतात. माझे पणजोबा नांदेडहून निजामाच्या महसूल खात्यात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. या मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब मी अकरा वर्षे ठेवला. आज एक राहिलेला हिशेब द्यायला उभा आहे. बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्यावे.

२०११ साली पावसात स्कूटर घसरली आणि माझ्या कमरेची गादी सरकली. डॉक्टरांनी तीन आठवड्यांसाठी ट्रामाडॉल नावाच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. दुखणे खरे होते आणि गोळीने आरामही पडला. चौथ्या आठवड्यात कंबर बरीच बरी झाली होती. पण गोळी चुकली की नाक गळू लागे, जांभयांवर जांभया येत, अंगावर काटा उभा राही, पोटात मुरडा पडे आणि रात्रभर पाय स्वस्थ राहत नसत. गोळी घेतली की तासाभरात सगळे शांत. मला वाटले, दुखणे अजून आत आहे. औषधवाला ओळखीचा होता, चिठ्ठी मागत नव्हता. तीन आठवड्यांचे औषध मी सात वर्षे घेतले.

मी दारूला कधी शिवलो नाही. आमच्या घरात सुपारीसुद्धा सणावारी. त्यामुळे गोळीचेही व्यसन असते हे डोक्यातच आले नाही. नंतर कळले ते असे : अफूपासून मॉर्फिन होते, मॉर्फिनपासून हेरॉईन होते, आणि हेरॉईनचे भेसळयुक्त रूप म्हणजे गर्द. ट्रामाडॉल कारखान्यात तयार होते आणि मॉर्फिनपेक्षा सौम्य असते, पण मेंदूत जाऊन बसते त्याच जागी. म्हणजे पुलाखाली गर्द ओढणारा मुलगा आणि इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत बसणारा मी, दोघांचा आजार एकच होता.

एप्रिल २०१८ मध्ये सरकारने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. ते योग्यच झाले. पण ज्यांना ती गोळी आधीच लागली होती, त्यांनी उद्यापासून काय करायचे हे कोणी सांगितले नाही. मी आडमार्गाने, तिप्पट-चौपट किमतीला घेऊ लागलो. पगार पुरेना. आईच्या पाटल्या मोडल्या आणि घरात सांगितले की लॉकरमध्ये ठेवल्यात. आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या पेटीतून मी १४,००० रुपये काढले. मंडप आणि रोषणाईच्या खर्चात ते दाखवले.

दोघा सभासदांच्या ते लक्षात आले. त्यांनी माझ्या भावाला बोलावले, भावाने मुकाट्याने पैसे भरले, आणि मी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ राजीनामा दिला. मंडळाची लाज राखली गेली, आमच्या घराण्याचीही. ज्यांनी हे केले ते चांगले लोक आहेत, त्यांच्या मनात माया होती. पण त्यांच्यापैकी कोणी मला एवढेच विचारले नाही, की बाबा रे, पैसे लागले कशाला? कोणी विचारले असते तर कदाचित मी त्याच दिवशी रडून मोकळा झालो असतो. न विचारल्यामुळे मला आणखी पाच महिने मिळाले, गोळ्या खायला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला आकडी आली. ट्रामाडॉल फार झाले की असे झटके येतात. दवाखान्यात नेले. नातेवाइकांना सांगितले की बी.पी. वाढले होते. तिथे पलंगावर पडलेलो असताना शेजारच्या रुग्णाला भेटायला आलेला एक रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला आणि जवळ येऊन म्हणाला, “काका, दिनकू कित्ते लेते थे?” आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला आकडा विचारला होता. मी म्हणालो, सोळा. तो म्हणाला, “मैं सुई लेता था. सात साल हो गए छोड़के.” उपदेश केला नाही की देवाधर्माचे बोलला नाही. फोन नंबर लिहून दिला आणि सांगितले, रविवारी सिकंदराबादला एका शाळेच्या खोलीत आम्ही बसतो, या.

त्या खोलीत काय चालते, हे सांगतो, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. पंधरा-वीस माणसे गोल बसतात. विद्यार्थी, हमाल, एक डॉक्टर, एक सासूबाई. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारत नाहीत. अट एकच, सोडण्याची इच्छा असावी. प्रत्येक जण पाच मिनिटे स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही, आजचा दिवस घ्यायची नाही एवढेच. नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात. रात्री दोन वाजता तलफ आली तर त्याला फोन करायचा. माझा जुना माणूस म्हणजे तो रिक्षावाला. मी पदवीधर, तो सातवी शिकलेला. पण माझ्या आजाराचे शिक्षण त्याच्याकडे होते.

ही पद्धत १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन हा शेअरदलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले. दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिले की स्वतःची दारू लांब राहते, असे त्यांच्या अनुभवाला आले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली आणि १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात, इतर नशा करणाऱ्यांसाठी, नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस.

पण हे परदेशी खूळ आहे असे कोणी समजू नये. आपल्या गावाकडे दारू सोडणारा माणूस माळ घालतो आणि दिंडीत जातो. नुसत्या माळेने दारू सुटत नाही. बरोबर चालणारे वारकरी त्याला एकटे सोडत नाहीत, म्हणून सुटते.

आणि पुण्याचे मुक्तांगण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून काम सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, त्याच आवारात, मुक्तांगण उघडले. त्यांनी एक मोठी गोष्ट केली. बरे झालेल्या रुग्णांनाच त्यांनी कामावर घेतले. काल जो दाखल होता, तो आज नव्या रुग्णाचा समुपदेशक झाला. खोटे कसे बोलतात हे ज्याने स्वतः केले आहे, त्याला फसवता येत नाही. आणि तो बरा झालेला समोर दिसतो, म्हणून त्याच्यावर विश्वासही बसतो. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला, कारण नवऱ्याच्या व्यसनाने बायकोही आजारी पडलेली असते. डॉ. अनिता १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये गेले, पण काम थांबले नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. गट म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. अंगातून गोळी निघताना होणाऱ्या यातना, ज्याला गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात, त्या आठ-दहा दिवसांत ओसरतात. तलफ मात्र महिनोन् महिने राहते. काहींना ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घ्यावी लागते. तिने तलफ आवरते आणि मृत्यू टळतात. ‘ही गोळी घेणारा मुक्त नव्हे’ असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. आणि सर्वांत धोक्याचा काळ असतो सुटल्यानंतरचा. शरीराची सवय मोडलेली असते. तेव्हा जुन्याच मापाने घेतले तर श्वास थांबतो. आमच्या गटातला सव्वीस वर्षांचा एक मुलगा दोन महिने केंद्रात राहून आला आणि आठवड्याच्या आत असाच गेला. घरच्यांनी लोकांना हार्ट अटॅक सांगितले. आम्ही मागच्या रांगेत उभे होतो, आम्हाला कोणी ओळखले नाही.

मीही एकदा घसरलो. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, बैठका बंद असताना, तीन दिवस घेतल्या. चौथ्या दिवशी रिक्षावाल्याला फोन केला. तो म्हणाला, “अच्छा हुआ बोल दिए.” त्यानंतर त्याने रोज संध्याकाळी सात वाजता फोन केला, गाडी बंद, कमाई बंद असतानासुद्धा. २२ मे २०२० पासून आजपर्यंत मी एकही गोळी घेतलेली नाही.

मित्रहो, हे पत्रक राजकीय विषयांचेही असते, म्हणून त्या अंगानेही बोलतो. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. कायदा आपण समजतो तितका निष्ठुर नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ हे कलम आहे : स्वतःच्या सेवनापुरता किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित विकार मानसिक आजारांत धरले आहेत, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विम्याचे संरक्षण द्यावे असे सांगितले आहे. एर्रागड्ड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. हे सगळे आहे. आपण लाजेने तिथवर पोहोचत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली : मते मागायला आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, की आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात व्यसनावरचे औषध मिळेल का, आणि बरे झालेल्या माणसांना तिथे पगारी समुपदेशक म्हणून घ्याल का. नुसत्या धाडी आणि फोटो पुरेसे नाहीत.

दुसरी : आपापल्या घरातले औषधांचे कपाट आज उघडून पाहा. ऑपरेशननंतरच्या उरलेल्या वेदनाशामक गोळ्या तशाच ठेवू नका. पण कोणी बरेच दिवस नियमित घेत असेल, तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

तिसरी : या मंडळाची माडीवरची खोली रविवारी संध्याकाळी रिकामी असते. ती दीड तास आम्हाला द्या. सिकंदराबादच्या खोलीत मी हिंदीतून बोललो, निभावले. पण आईच्या पाटल्यांची गोष्ट मला हिंदीत पुरी सांगता आली नाही. गेल्या वर्षभरात आपल्याच घरांतल्या चार जणांनी मला गुपचूप फोन केला आहे. त्यांना मराठीत बोलायला जागा हवी आहे. ‘गर्दुल्ले मंडळात येतील’ अशी भीती कोणाला वाटत असेल, तर नम्रपणे सांगतो, मी इथे अकरा वर्षे हिशेब लिहीत होतो.

केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने या शहरात मराठी शाळा उभ्या केल्या. विवेक वर्धिनी १९०७ पासून उभी आहे. आपली मुले परक्या राजवटीत एकटी पडू नयेत म्हणून त्यांनी ते केले. मी एक खोली आणि दीड तास मागतो आहे.

शेवटचे. भावाने भरलेले पैसे मी त्याला हप्त्याहप्त्याने फेडले. पण ज्यांची ती वर्गणी होती, त्यांची माफी मागायची राहिली होती. २०१८ च्या गणेशोत्सवातले १४,००० रुपये मी चोरले होते. आपण सर्वांनी मला क्षमा करावी, अशी हात जोडून विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.



(भाषणानंतर माडीवरची खोली देण्याचा विषय कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत घेण्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. सभासदांनी आपले मत लेखी कळवावे. – संपादक)