कासवाचा त्रिकोण

सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, असं 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. पालक साहजिकच विचारतात, यातून नोकरी मिळेल का? मला वाटतं, शाळेत कोडिंग हवं ते वेगळ्या कारणासाठी. आपला विचार नेमका कुठे चुकला, हे मुलाला स्वतःच शोधता यावं म्हणून. 1967 साली सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. ते सांगाल तसं चालतं आणि मागे रेघ सोडत जातं. ‘शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ असं चारदा सांगितलं की चौकोन तयार. आता त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे मुलाला पाठ असतं, म्हणून ते साठ सांगतं. कासव तीन रेघा काढतं, पण त्या जुळत नाहीत. निम्मा षटकोन उमटतो. कासवाचं काहीच चुकलेलं नसतं. कोन आतला साठचा, पण वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, म्हणजे 120 अंश. पाठ केलेली भूमिती इथे पहिल्यांदा कळते, आणि तीही कुणी न रागावता.

हा नुसता खेळ नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली सीएनसी मशिनं अशाच सूचनांच्या ओळींवर धातू कापतात. आकडा चुकला, तर मशिन चुकीच्याच जागी कापतं. 1996 साली युरोपचं एरियान-5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत नष्ट झालं. सोळा बिटांच्या जागेत न मावणारी संख्या तिथे बसवायला गेल्यामुळे त्याची दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली होती. तो कोड आधीच्या रॉकेटवर बिनचूक चालला होता. नवं रॉकेट वेगळ्या मार्गाने जाणार, हे लक्षात घ्यायचं राहून गेलं.

कुणी म्हणेल, आता एआयच कोड लिहून देतं, मग मुलांनी कशाला शिकायचं? पण दिलेला कोड बरोबर आहे की नाही, हे कुणीतरी पारखायलाच हवं, आणि साठ व 120 मधला फरक ज्याला कळत नाही, तो काय पारखणार? संगणकच नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे, विशेषतः लहान गावांतल्या शाळांची. तरी सुरुवात संगणकाशिवाय होऊ शकते. इंग्रजीचाही बाऊ नको. सूचना मराठीतच द्यायच्या. मला खरी भीती वाटते ती वेगळीच: कोडिंगचीही व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करून घेतली जाईल.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. उद्या मैदानावर एका मुलाच्या हाती खडू द्या, त्याला कासव करा आणि बाकीच्यांना सूचना देऊ द्या. चौकोन, त्रिकोण झाले की पंचकोन काढायला सांगा. उत्तर 72 अंश आहे, पण ते लगेच सांगू नका.