गाडीत येणारा पेट्रोलचा वास

पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. त्यामुळे गाडीत येणारा वास अंगावर काढणे धोक्याचे. तो केव्हा येतो, यावरून दोष सापडतो. टाकी भरल्यावरच येत असेल तर झाकणाचे रबर पाहावे; तडे गेले असल्यास झाकण बदलावे. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही काठोकाठ भरलेले पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरते आणि तो निकामी होतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली इंधनपंप असतो. त्याचे सील सुटले की वास थेट आत शिरतो. सीट उचलल्यावर तिथली धूळ ओली, काळपट दिसते. इंजिन चालू असतानाच वास आला तर बॉनेटखाली गळती संभवते. अशी गाडी पुन्हा सुरू करू नये. तिथल्या नळीत इंधन दाबाखाली असते, ती मेकॅनिककडूनच बदलून घ्यावी.